उदारामजींचे रबरी बूट

उदारामजी कुणालाही भेटले की आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. समोरच्याच्या पायात जोडा असला तर बोलता बोलता खाली वाकून अंगठ्याने तो टाचेपाशी दाबत. मोटारीचा कंडक्टर तिकीट फाडायचं थांबवून पाय मागे घेई. नवे लोक चमकत, जुने हसत. उदारामजींना त्याचं काही वाटत नसे. खिशात ट्यूबचा एखादा तुकडा असायचाच. तो दोन्ही हातांनी ताणत, सोडत, पुन्हा ताणत ते बोलत राहायचे. अंगाला कायम पंक्चरच्या सोल्यूशनचा वास यायचा.

या सवयी त्यांना पहिल्यापासून नव्हत्या. त्या कशा लागल्या ते मी पाहिलं आहे. कोहमाऱ्याहून जवळच असलेल्या एका गावात मी तेव्हा सरकारी दवाखान्यात कंपाऊंडर होतो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती आणि आमचा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या. डॉक्टर ठरलेल्या वारी येत, एरवी मी, मलमाचे डबे आणि बँडेजच्या गुंडाळ्या.

उदारामजी पोवार होते. वाडवडील माळव्यातून आलेले. थोडी धानाची जमीन स्वतःची, थोडी ठेक्याने केलेली. माणूस उंच, चालताना किंचित पुढे झुकणारा. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते सापांसाठी. कुणाच्या घरात साप निघाला की उदारामजींना बोलावणं जाई. ते काठीने त्याला हळूच उचलत, मडक्यात सोडत आणि नवेगाव बांधाच्या बाजूच्या जंगलात नेऊन मोकळा करत. मारू द्यायचे नाहीत. नागासमोर उकिडवे बसून त्याच्याशी बोलत बसलेले मी त्यांना एकदा पाहिलं होतं.

एका उन्हाळ्यात ते बायकोला, भागरताबाईंना, बैलगाडीतून घेऊन आले. बाई हसतमुख होत्या, ठेंगण्या, कपाळाला मोठं कुंकू. उजव्या तळपायाला भाजलं होतं. जखम एवढी खोल की मी ती धुताना माझ्याच अंगावर काटा आला. बाई शांतपणे माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. कसं भाजलं म्हणून विचारलं तर उदारामजी म्हणाले, "इंगळावर पाय ठेवून उभी होती, बाबू. मी पाहिलं म्हनून. ती आपली वरन घोटून राहिली होती."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना तपासलं. दोन्ही पायांवरून पीस फिरवलं, टाचणी टोचली, कमरेवरचा फिकट डाग पाहिला. मग उदारामजींना आतल्या खोलीत बोलावून हळू आवाजात रोगाचं नाव सांगितलं. महारोग. गोळ्या नियमाने घेतल्या तर रोग थांबेल, वाढणार नाही, दुसऱ्या कुणाला होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पायांची गेलेली जाणीव मात्र परत येणार नव्हती. तेव्हा काटा, विस्तव आणि चिखल यांपासून पाय जन्मभर सांभाळायचे.

उदारामजींनी फक्त एक विचारलं. रोवण्याचं काय? डॉक्टर म्हणाले, चिखलात पाय घालायचाच नाही.

भागरताबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, बायका मिळून करतात. आज हिच्या बांधीत म्हणजे भातखाचरात, उद्या तिच्या. घरची बाई रोवण्याला आली नाही तर चार घरं विचारतात. भागरताबाई डॉक्टरांशी बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघून बोलल्या.

"एक साल नाई गेली तं अंग दुखते म्हनीन, बाबू. दुसऱ्या साली काय म्हनू? दुर्गा मोठी होऊन राहिली. तिले कोन करन मंग?"

दुर्गा त्यांची एकुलती मुलगी.  उदारामजींनी विचारलं, पायात काही घातलं तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, चालेल, पण आत ओल जायला नको आणि पायाला कुठे घासायला नको.

"तेवढंच ना," उदारामजी म्हणाले.

त्यांनी गाडी जुंपली ती गोंदियाच्या रस्त्यालाच. गोंदियात रेल्वेच्या यार्डातली माणसं रबरी गमबूट घालतात हे त्यांनी भातगिरणीला धान घालताना पाहिलेलं होतं. बाजारात एका दुकानात ते मिळाले. बाईच्या मापाचे आहेत का, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "जनाना गमबूट कौन बनाएगा, पटेल? पहनेगी कौन?" त्यातल्या त्यात लहान जोड होता तो त्यांनी आणला आणि पुढच्या बाजूला कापूस कोंबला.

पाऊस लागला, पऱ्ह्यातली धानाची रोपं उपटली, रोवणा सुरू झाला. भागरताबाई बूट घालून बांधीत उतरल्या. दुसऱ्याच ओळीला चिखलाने उजवा बूट ओढून घेतला आणि पाय नुसता बाहेर आला. बाईंना ते कळलंच नाही. त्या वाकून रोवत रोवत मागे सरकत राहिल्या. ओळ संपून कंबर सरळ केली, तेव्हा समोरच्या चिखलात एकटा बूट उभा दिसला. हे त्यांनीच मला पट्टी बांधून घेताना हसत सांगितलं. खालच्या खुंटाने तळपाय टाचेपासून मधोमध चिरला होता. उदारामजी हसले नाहीत. ते त्या बुटाच्या घोट्याचा भाग चिमटीत धरून बघत होते. "इथं सैल हाय," ते म्हणाले. "इथं पायाले धरून ठेवाले पायजे. अजून एक बार पाहू."

हे त्यांचं पालुपद पुढे मी फार ऐकलं. अजून एक बार पाहू.

बायकोने एकटीने बूट घातले तर गाव विचारणार, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं. म्हणून स्वतःसाठीही एक जोड आणला होता. विचारणाऱ्याला ते सांगत, सापाची भीती वाटते. नवरा भितो, म्हणून बायकोलाही घालायला लावतो. लोकांना हे खरं वाटेना. साप मडक्यात घेऊन फिरणारा माणूस तो.

मग श्रावणात त्यांच्या शेजाऱ्याकडे, सुखलालच्या गुरांच्या कोठ्यात, नाग निघाला. सवयीने सगळे उदारामजींकडे धावले. ते आले, पायात बूट होतेच. दारापाशी थांबले. आत लहान मुलं खाटेवर चढून रडत होती. सुखलालने त्यांच्या हातात काठी दिली. उदारामजींनी ती परत केली आणि म्हणाले, "आता माह्याच्यानं नाई होत. भेव वाटते."

सुखलालच्या भावाने नाग ठेचून मारला. उदारामजी तिथेच उभं राहून ते बघत होते, असं सुखलालने मला सांगितलं. त्या दिवसापासून लोकांना बुटाचं कारण पटलं. पोरं त्यांना बूटवाले पटील म्हणू लागली, बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. भागरताबाईंच्या पायांकडे मात्र कुणी बघेनासं झालं. ठेचलेला नाग उदारामजींनी नंतर उचलला आणि नेऊन पुरला.

बाजारचा बूट चालत नाही म्हटल्यावर ते स्वतःच बूट करायला लागले. कोहमाऱ्याला तेव्हा दोन ढाबे आणि एक पंक्चरचं दुकान होतं. दुकान एका सरदारजींचं. फाळणीत सगळं सोडून ते ट्रकांच्या मागे मागे इथवर आले होते आणि सडकेच्या कडेला टिनाच्या छपराखाली बसले होते. उदारामजी त्यांच्याकडून फाटक्या ट्यूबा आणि घासलेले टायर आणत. पहिला बूट त्यांनी ट्यूब कापून सुतळीने शिवला. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत आलं. दुसरा सोल्यूशनने चिकटवला. तो ओल्यात टिकला, पण उन्हात बांधावर ठेवला तशी त्याची जोड उकलली. तिसऱ्याची जोड सरदारजींनी आपल्या शेगडीच्या यंत्रात दाबून, तापवून पक्की केली. जोड लोखंडासारखी झाली, आणि पंधरवड्यात बूट घोट्यापाशी तडकला. त्या तडकलेल्या काठाने बाईंचा घोटा कापला गेला. माझ्याकडे येईपर्यंत जखमेत चिखल भरला होता.

सरदारजींना खरं कारण सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते विचारलंही नाही. एकदा मी ढाब्यावर मोटारीची वाट बघत बसलो होतो तेव्हा दोघांचं बोलणं चाललं होतं. सरदारजी तडकलेला बूट हातात घेऊन वाकवत होते. "टायर गोल घूमता है, पटेल," ते म्हणाले. "पैर तो हर कदम पे मुड़ता है. मोटा रबर मुड़ेगा तो टूटेगा."

उदारामजींनी तो बूट परत घेतला. मग गोंदियाहून आणलेला तो पहिला बूट त्यांनी घरी जाऊन उभा चिरला. दुसऱ्या दिवशी तो चिरलेला बूट घेऊन ते माझ्याकडे आले, जणू मीही ते बघायलाच हवं होतं. आत कापड होतं, त्यावर पातळ रबर, टाचेला आणि बोटांपाशी आणखी एकेक थर. कुठेही शिवण नव्हती. "हे जोडलं नाई, बाबू," ते म्हणाले. "हे सारं एकातएक शिजवलं हाय."

तिथून त्यांचं काम बदललं. जाड ट्यूब सोडून त्यांनी सायकलची पातळ ट्यूब घेतली, मध्ये भागरताबाईंच्या जुन्या लुगड्याचं कापड घातलं, त्यावर पुन्हा रबर, असे थर चढवले. घोट्याला तीन पातळ थर, तळाला टायरचा पट्टा. सुताराकडून बाईंच्या पायाच्या मापाचा सागाचा कलबूत करून घेतला, म्हणजे लाकडी पाऊलच, आणि त्याच्यावर बूट चढवून सरदारजींच्या शेगडीत थोडा थोडा शेकायचा. शेती सांभाळून हे चाले. नांगर धरलेला असतानाही त्यांच्या डोक्यात घोटाच असायचा. आत घासू नये म्हणून मऊ पायमोजा, तो रोज धुवायचा. घामाने कातडी पांढरी पडते असं मी म्हटल्यावर, दुपारी अर्धा तास बूट काढून पाय वाळवायचे. बाई बांधावर एकट्याच बूट काढून कशा बसतील? म्हणून उदारामजीही रोज दुपारी बूट काढून शेजारी बसत. नवराबायको पाय पसरून बसलेले बघून रोवणाऱ्या बाया थट्टा करत.

गोळ्या चालू होत्या. रोग थांबला होता, डॉक्टर समाधानी होते. पण बोटं आखडत चालली होती आणि जखमा भरताना पाऊल थोडं थोडं आत जात होतं. दर वर्षी पावसाच्या आधी उदारामजी कलबूत बाईंच्या पायाशेजारी ठेवत, आणि दर वर्षी लाकूड मोठं निघे. मग अंगणात बसून ते कानसीने त्याची बोटं घासून कमी करत. मी एकदा समोर होतो. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी दुर्गाच्या बाहुलीला होतील बूट. उदारामजींनी भुसा फुंकला आणि घासत राहिले.

दुर्गाचं लग्न आमगावकडच्या एका घरात ठरलं. चांगलं घर, चांगला मुलगा. लग्न वैशाखातलं. त्याच्या थोडे दिवस आधी उदारामजी दवाखान्यात आले ते बूट कापडात गुंडाळून. हा जोड त्यांना हवा तसा झाला होता. पाण्याने काठोकाठ भरून तो त्यांनी दिवसभर आढ्याला टांगून ठेवला होता, खालची जमीन कोरडी राहिली. घोट्यावर वाकवला तर वाकत होता, सोडला की सरळ होत होता. मी हात घालून पाहिला. आत कुठे काही लागत नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदाच म्हटलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही. ते लहान मुलासारखे खूश झाले. यंदाच्या रोवण्यात बघा म्हणाले.

लग्नाला मी गेलो होतो. मांडवात बूट घालून नवरीची आई कशी उभी राहणार? उदारामजींनी आपल्या परीने तजवीज केली होती. सकाळपासून ते स्वतः घागरीने मांडवात पाणी शिंपडत होते, ओली पोती अंथरत होते. नवरीचा बाप पाणी भरतो म्हणून पाहुणे हसत होते. मांडवापुरतं जमलं. पण ऐन दुपारी वरातीकडच्या आणि घरच्या बाया वाजतगाजत गावाबाहेरच्या देवीला निघाल्या. नवरीच्या आईला सर्वांच्या पुढे चालावं लागतं. उदारामजींनी बहिणीला सांगून पाहिलं, ऊन उतरल्यावर जाऊ. बहीण म्हणाली, मुहूर्त टळतो. चारजणींनी भागरताबाईंना हाताला धरून पुढे केलं.

देवीपर्यंतची वाट मुरमाची. मी मांडवाच्या कडेला होतो, माझ्या टाचा वहाणेतून भाजत होत्या. उदारामजी हातात रिकामी घागर घेऊन माझ्याजवळ आले. बाया गात गात दूर चालल्या होत्या. सर्वांत पुढे भागरताबाई, डोक्यावर कळस, अनवाणी. बाकीच्या बाया चटके बसून भराभर पाय उचलत होत्या, सावली दिसली की तिकडे पळत होत्या. त्या एकट्या संथ चालल्या होत्या, कळसातलं पाणी हलू न देता.

"बाबू," उदारामजी म्हणाले, "आता काय करू?"

 आम्ही दोघे तिथे उभे राहिलो, त्या परत येईपर्यंत.

बाई परतल्या त्या हसतच. पायांना लग्नाचा माहूर, म्हणजे लाल रंग, लावलेला होता, त्यामुळे पाय लाल दिसले तरी कुणाला वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी जावयाला ओवाळलं, पंगतीत वाढलं, संध्याकाळी दुर्गाला निरोप दिला. लग्न व्यवस्थित पार पडलं. पाहुणे गेल्यावर मी पाय पाहिले. दोन्ही तळव्यांची कातडी सुटून आली होती.

त्या जखमा पावसाळ्यात चिघळल्या. माझ्या मलमांनी काही होईना. डॉक्टरांनी दूरच्या मिशनच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे उजव्या पायाची बोटं पुढच्या हाडासकट काढावी लागली. गावात रोवणा चालू असताना त्या तिथे खाटेवर होत्या. नवा जोड आढ्याला लटकत राहिला. मी एकदा उदारामजींकडे गेलो असताना वर हात घालून पाहिला. उन्हाळाभर कौलांखाली तापून रबर एकमेकाला चिकटलं होतं. ओढल्यावर फाटलं. ते बूट बाईंच्या पायात एकदाही गेले नव्हते.

गावाला नक्की केव्हा कळलं ते मला माहीत नाही. कुणी उघड बोललं नाही. भागरताबाई घरी परतल्यावर बायांनी त्यांना बोलावणं थांबवलं एवढंच, आणि सुखलालची बायको विहिरीवर त्यांची घागर लांबून भरून द्यायला लागली. डॉक्टरांनी सुखलालला बोलावून समजावलं, मीही समजावलं. तो मान हलवायचा. दुर्गा सासरी बरी होती, पण पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी पाठवलं नाही. नवेगाव बांधाजवळ नातेवाइकांकडे जायचं आहे असं सासरी सांगून ती एकदा येऊन गेली. मूल बरोबर आणलं नव्हतं.

उदारामजी मात्र कोहमाऱ्याला जातच राहिले. अर्ध्या पावलाचा बूट पुढच्या बाजूला दुमडतो, मग उरलेल्या टोकाला लागतो. तिथे काय भरावं यावर ते सरदारजींशी बोलत. भाताचा कोंडा भरून पाहिला, कापूस भरून पाहिला, सावरीचा कापूस भरून पाहिला. आता रोवण्याला जायचं नव्हतं, हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "विहिरीवर जाते," ते म्हणाले. "कोठ्यात जाते. परसात जाते. घरात बसून राहील का ती?"

माझी बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. चौथा प्रहर होता, अंगणात ऊन कलतं होतं. भागरताबाई पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. उदारामजी समोर जमिनीवर, जवळ पाण्याची परात आणि जवसाच्या तेलाची वाटी. बाईंचा डावा पाय त्यांनी धुऊन, पुसून मांडीवर घेतला होता आणि अंगठ्याने तळव्याला हळूहळू तेल जिरवत होते. टाचेकडून वर, मग पुन्हा टाचेकडे. मला बघून ते उठले नाहीत, मानेनेच बसा म्हणाले.

बाईंनी माझी चौकशी केली. नव्या गावी पाणी कसं आहे, मुलांना शाळा जवळ आहे का, माझी बायको तिथे रमेल का. मी सांगत होतो. त्या खडे वेचून बाजूला टाकत ऐकत होत्या. उदारामजींचा अंगठा पावलाच्या मधल्या भागात आला आणि तिथे थांबला. त्यांनी पाऊल किंचित उजेडाकडे वळवलं; तिथे नवा फोड आला होता. पुन्हा तिथेच दाबून पाहिलं. मग हात तसाच ठेवून ते नुसते बसले.

"तुमी चहा घ्यान ना, बाबू?" भागरताबाई म्हणाल्या. "साखर नाई. गुळाचा चालन का?"